निळा आधी जातो

जुन्या जेटीवर वीज नाही. खांब आहे,
त्याच्यावर एक फाटका पतंग.
कायतान नाताळ तिथेच मांडतो,
कारण त्याच्या घराची खाडीकडे पाठ आहे
आणि इगर्जीत त्याचं कुणाशी पटत नाही.

गेल्या वर्षी जनरेटर आणला, लग्नातला, भाड्याचा.
मासे उड्या मारत होते खरे,
पण लोक मासे सोडून त्याच्याकडेच बघत राहिले.
डिझेलचा वास नेवऱ्यांना लागला
आणि साडेदहाला एक झटका देऊन
त्याने अर्धी माळ जाळून टाकली.

यंदा कायतान माझ्या दारात.
"बोटीची बॅटरी दी. एक रात."
बोट निम्मी माझी, निम्मी त्याची.
बॅटरीतली माझी निम्मी कुठली
हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं.

फळीवर खडूने हिशेब झाला:
एकशेवीसची बॅटरी, त्यातली निम्मीच वापरायची,
खाली उतरली की प्लेटा खराब.
आठ मासे, एक जाळं, एक तारा,
मिळून सहा अँपिअर. दहा तास.
सातला लावायची, पाचला काढायची,
साडेपाचला आपण पाण्यात.
असाच नेटका हिशेब त्याने एकदा
बायकोच्या पाटल्यांचा मांडला होता.
मी बोललो नाही.

वल्ह्याला बांधून आम्ही दोघांनी ती नेली,
मोठा मासा नेतात तशी.

अंधार झाल्यावर त्याने बटण दाबलं.
पहिला मासा पाण्यात, दुसऱ्याचं शेपूट बाहेर,
तिसरा, चौथा... असा तो एकच मासा
आठ जागी पेटून, आठ जागी विझून
जाळ्यात पडतो.
तारा मीच धरल्या होत्या, गाठी मीच मारल्या होत्या,
तरी माझ्या तोंडून निघालंच, "उडालो रे!"
आवाज कसलाच नाही.
खाली जेटीच्या दगडाला पाणी चाटत होतं, तेवढाच.

मग कळलं, मासे नऊ आहेत.
नववा रेमीने, त्याच्या नातवाने,
आजोबाला न सांगता जोडला होता.
तो जाळ्याच्या वरून जातो.

मिस सुटली तशी माणसं आली,
न बोलणारीही आली, लांब उभी राहिली.
पैलतीरावरून हमीदाने होडीत पोरं भरून आणली.
प्रत्येक पोर नवव्यालाच टाळ्या देत होतं.
हिशेबात नव्हता तोच.

तीनच्या सुमारास समुद्र विझला.
म्हणजे निळ्या माळा. तारेच्या टोकाकडून
एकेक लाट काळी होत आली.
"निळो आधी जाता," कायतान म्हणाला,
"तेका जोर जास्ती लागता."
मग हिरवं गेलं. पांढरा तारा आधी पिवळा,
मग पिकल्या रातांब्यासारखा.
कोरड्या काळोखात लाल मासे
उड्या मारतच राहिले.

तो बॅटरीकडे बघेना. माझ्याकडे बघत होता.
"बंद करू?"
बॅटरी साडेअकरा हजारांची. हप्ता अजून चालू.
रेमी जाळ्याखाली झोपला होता, तोंड उघडं टाकून.
"ऱ्हवांदे," मी म्हटलं.

साडेपाचला किल्ली फिरवली, इंजिन नुसतं कट् म्हणालं.
हँडल मारून मारून खांदे उतरले,
सातव्याला ते धरलं, तोवर ओहोटीही
आमची वाट बघून निघून गेली होती.

बॅटरीतली कुणाची निम्मी मेली,
यावर अजून वाद आहे.