लोकरीचा दोरा

मुंगी सरांचा नियम एकच:
उडण्याआधी मोबाइल बिस्किटांच्या डब्यात.
डबा विंचपाशी, गेंदालालच्या खुर्चीखाली.
आम्ही वर गेलो की तो खाली थरथरायचा,
कुणाची आई, कुणाची बँक, कुणाचा ओटीपी.
गेंदालाल म्हणायचा, मधमाश्या पाळल्यात तुम्ही.

त्या दिवशी मी माझा लपवला.
मांडीला इलॅस्टिकने बांधला.
त्यात नकाशा होता, उंची होती,
चढ सापडला की टिवटिवणारं ॲप,
आणि खरं सांगायचं तर
कॅमेरा.

केबलने हिसका दिला. सुटले.
राऊची घरं, पीथमपूरचा कललेला धूर,
लांब यशवंत सागर, वाटीतल्या ताकाएवढा.
एप्रिलची दुपार. नांगरलेल्या काळ्या रानातून
हवा उठत होती, आणि मी तिच्यात
डावा पंख कलवून गोल, गोल.
सहाशे वीस.
पुन्हा बघितलं. सहाशे सत्तर.
पुन्हा.

मान वर केली तेव्हा घार
काचेपासून दोन हातांवर.
त्याच हवेत, माझ्या आधीपासून.
एक पीस हलवलं तिनं, एकच,
आणि सराफ्याच्या गर्दीत एखादी बाई
पदर सावरून सरकते, तशी बाहेर सरकली.

मग पडदा काळा.
उपकरण तापले आहे. थंड होऊ द्या.
त्या काचेच्या घुमटाखाली आम्ही दोघंही तापलो होतो,
पण मला बंद व्हायची सोय नव्हती.

समोर काचेवर चिकटपट्टीने लावलेला
लाल लोकरीचा दोरा, चार बोटं लांब,
सरांच्या बायकोच्या स्वेटरमधून उरलेला.
तो सरळ, तर आपण सरळ.
थोडा उजवीकडे गेला.
डाव्या पायाने मी त्याची समजूत काढली.
किती वेळ, माहीत नाही. वेळ मोबाइलमध्ये होती.

तरी धावपट्टी गाठली नाहीच.
हवा संपली बेटम्याच्या अलीकडे,
कापलेल्या गव्हाच्या धसकटांत करकरत थांबले.
पंखाच्या सावलीत मोबाइल शुद्धीवर आला:
निळा ठिपका,
भोवती कोरा कागद. ना रस्ता, ना नाव.
"कुठे आहेस?" सर.
"इथे," मी म्हटलं.
ठिपक्याला तेवढंच येत होतं.

बकऱ्या सोडून एक पोरगा आला.
वाकून पोटाखाली बघितलं, मागे बघितलं,
"इंजन गिर ग्यो कंई?"
मग माझ्या हातातून मोबाइल घेऊन
सरांना ओरडून सांगू लागला,
तीन खाखऱ्यांच्या पुढे,
रामरतनची विहीर डाव्या हाताला ठेवून,
म्हैस बसली असेल तिथून आत.

तासाभरात ट्रेलर आला.
सर काही बोलले नाहीत,
डबा तेवढा पुढे केला.
म्हैस तोवर उठून गेली होती.
तरी बरोबर आले.