दोन बोटं

दारव्ह्याच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये
देवमननं गाडी बांधली. दोन सीट, छत नाही,
इंजिन भंगारातल्या मारुतीचं.

पुढचे मडगार्ड सायकलसारखे,
एका जुन्या पिंपाच्या पत्र्याचे.
चाक वळलं की तेही वळतात.
शेडमधल्या शेडमध्ये त्यानं
वीसदा स्टिअरिंग फिरवून पाहिलं.

टायर आणि पत्रा यांत दोन बोटं. देखणं.

बोरीच्या पांदणीत जेमतेम शंभर पावलं.
काळी माती आत चढली, थापली गेली,
चाक गच्च.

झिंगराजीनं बंडी थांबवली, उतरला नाही.
"मातीले जागा कुठी ठेवली बे?"

रात्री ब्रॅकेट कापून
मडगार्ड मूठभर वर घेतले.

आता माती येते, पडते.
गाडी मात्र तेव्हापासून
भुवया उंचावूनच बघते
सगळ्यांकडे.