मानेजवळची जाडी

उद्यमनगरात, तवनाप्पा शेट्यांच्या फौंड्रीत
न्हावाशेव्याहून आलेल्या भंगारात
नळ, व्हॉल्व्ह, बोटीचा एक पंखा
आणि पंख्याखाली एक डोकं निघालं.

ब्राँझचं. हंड्याएवढं.
टोपीवर गरुड, मिशी नीट कातरलेली,
मान मात्र गॅस कटरनं कापलेली, घाईघाईत,
कडेला वितळून थिजलेले थेंब.
बाबालाल जमादारनं त्यावरून बोट फिरवलं, म्हणाला,
"कापणारा कारागीर न्हवता, भावा.
नुस्ता पेटलेला हुता."

मानेमागची अक्षरं कुणालाच लागेनात.
बाबालालच्या भाच्यानं वर मोबाइल धरला
आणि वाचून दाखवलं:
सत्तावीस वर्षं जनरल. एका रात्रीत विमानातून पसार.
सोबत दोन बायका, अकरा पेट्या, एक पोपट.
हल्ली परक्या समुद्राकाठी बंगल्यात असतो,
सकाळी पोहतो.

"पोपट कशाला?" अण्णूनं विचारलं.
"कुणीतरी हो म्हणाय नको व्हय?" शेट म्हणाले.

दोन महिने ते डोकं दाराशी होतं.
टोपीवर तंबाखूची डबी, चहाचे ग्लास उपडे.
मी येता-जाता त्याच्या कपाळावर
खडूनं मापं लिहायचो: सव्वासहा, साडेतीन.
पुसायचो. पुन्हा लिहायचो.
एवढ्या जवळून कुठल्याच साहेबाला पाहिलं नव्हतं मी.
डाव्या भुवईत छिद्र होतं,
ओतताना हवा अडकलेली.
कुणीतरी त्यात मेण भरून ठेवलेलं.

मग गुऱ्हाळं सुरू झाली.
वडणग्याच्या पोवारांच्या चरकाचे बुश झिजले,
शेट म्हणाले, घाला त्याला.
आधी तापवलं, मग घणानं फोडलं, मग मुशीत.
मिशी सगळ्यात शेवटी वितळली,
असं अण्णू शपथेवर सांगतो.
त्या साली आम्ही जो गूळ खाल्ला
त्याचा रस त्याच्यावरच फिरून निघालेला.
चव नेहमीचीच होती.

आणि परवा बातमी: तो परतला.
विमानतळावर फुलं, गॅलरीतून लोंबकळणारी पोरं,
आजारी माणसांना खाटेसकट आणलेलं.
"मान कापणारं बी असतील त्यात," बाबालाल म्हणाला,
"कटर घरी ठेवून आलं असतील."
सगळे हसले. मी जरा कमी.

बँक बुडवून गोव्याला गेलेले आमच्या पेठेचे चेअरमन
चार वर्षांनी माघारी आले
तेव्हा बिंदू चौकापासून त्यांना उचलून नेणाऱ्यांत
एक खांदा माझा होता.
आईचे अठ्ठावीस हजार त्याच बँकेत.
गुलाल आठवडाभर कानातून निघत होता.
का उचललं, मला सांगता येत नाही.
हलगी वाजत होती. माणूस ओळखीचा होता.
आणि त्यांच्या जागी जे आले होते
ते कुणाच्या मयतीलासुद्धा येत नव्हते.

आता शेटच्या टेबलावर एक फोटो.
दिल्लीच्या व्यापाऱ्याची ऑर्डर: उभा पुतळा, नऊ फूट,
केस काळे, मिशी तीच, हात वर.
वजनावर भाव, निम्मे आगाऊ.
कुणी नको म्हटलं नाही. बोनस थकला होता.

चेहरा मी फोटो न बघता केला.
बोटांना सगळं माहीत होतं,
ती भुवईत जराशी थांबली, पुढे गेली.

गळ्याशी आलो
तेव्हा बाबालालनं हातावरची वाळू झटकत विचारलं,
"मानंत जाडी किती ठेवायची?"
शेट फोनवर होते.
खडू सापडेना,
म्हणून प्लास्टरच्या कपाळावर
मी कोळशानं आकडा लिहिला,
नेहमीपेक्षा दोन सूत कमी.

त्यानं वाचला. तळहातानं पुसला.
जनरलच्या कपाळावर एक काळा पट्टा राहिला
आणि बाबालाल गाभा बांधायला आत गेला.