आवाज आला की बटण दाबा

एकोणीस वर्षं मी डॉक्टरांचं बोलणं टाईप केलं.
कर्वे रोडला, औषधांच्या दुकानावर, दुसरा मजला,
रात्री नऊ ते सकाळी सहा.
कानात हेडफोन, पायाखाली पेडल.
आई म्हणायची, एवढं शिकून
शेवटी शिलाई मशीनच की गं.

डॉक्टर ओहायोचे. एकालाही पाहिलं नाही.
पण एक जण वाक्याच्या मध्येच सफरचंद खायचा,
एकाच्या खोलीत घड्याळ होतं, पाच मिनिटं पुढे असावं,
आणि एक बाई
पेशंट गेल्याची नोंद सांगताना
दर वेळी तारीख दोनदा सांगायच्या.
मी एकदाच टाईप करायचे. नियम तसा होता.

मग यंत्र ऐकायला लागलं.
सर म्हणाले, आता टायपिंग नाही, एडिटिंग.
बढतीच म्हणा.
पगार निम्मा.
सफरचंदवाल्याचं ते काहीच्या काही लिही,
डाव्या पायाचा उजवा करी,
'ताप नाही' मधला 'नाही' गिळून टाकी.
मी दुरुस्त करत गेले.
दीड वर्षानं उमगलं,
शिकवणी त्याची चालली होती
आणि फी माझ्याकडून कापली जात होती.

सोळा जणींनी एका दुपारी पेडलं परत केली.
भाग्यश्री उंडे आता अप्परला पोळीभाजीचे डबे करते.
रेश्मा मुजावर फोन उचलत नाही.
हेडफोन तेवढे नेऊ दिले,
स्पंज उडालेले.

घरी बसले तरी रात्री झोप येईना,
अंगाला ओहायोची सकाळ पाठ.
भाचा लॅपटॉप घेऊन बसला, मावशी, कौशल्यांत काय लिहू?
म्हटलं, लिही, ऐकता येतं.
असं नसतं लिहीत.
त्यानं 'संवादकुशल' लिहिलं.
एकोणीस वर्षांत मी कामावर
चहा सोडून काही मागितलं नव्हतं.

आता टिळक रोडला, कानाच्या दवाखान्यात.
वर्षभराचा कोर्स केला, वर्गातल्या पोरी मला
आधी 'मॅडम' म्हणाल्या, मग 'काकू', मग नोट्स मागू लागल्या.
काचेपलीकडे माणूस बसतो,
मी बारीक बारीक आवाज सोडते,
तो ऐकतो. किंवा नाही.

मंगळवारी दरवडे आले.
दापोडीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं एसटीचे पत्रे ठोकले.
'स' गेलेला, 'श' गेलेला,
सुनेचं निम्मं बोलणं गेलेलं,
त्याबद्दल मात्र तक्रार नाही.
आवाज आला की बटण दाबा, म्हटलं.
त्यांनी दाबलं. पुन्हा दाबलं.
मी काहीच सोडलेलं नव्हतं.
काका, आवाज आला तरच.
म्हणाले, वाटलं, नापास करतील.

मला हसू आलं आणि मध्येच थांबलं.
एक्सेल येतं? येतं.
इंग्रजी बोलता? बोलते.
रविवारी चालेल? चालेल.
बाणेरच्या त्या काचेच्या खोलीत
मीही अशीच दाबत बसले होते,
आवाज नसताना.

दुसऱ्या खेपेला यंत्र बसवलं.
दरवड्यांनी पावतीची घडी घातली
आणि दचकले. केवढा वाजतो हो कागद!
तीनदा उघडली, तीनदा घातली.
मग व्यवहाराचं बोलले.
किती वर्षं चालेल हे?
पाच.
मग?
मग नवं.
आणि तुम्ही?

मागच्या आठवड्यात सरांनी मोबाईलवर
काहीतरी उतरवून घेतलंय,
पेशंट घरी बसून स्वतःची तपासणी करू शकेल असं.
अजून नीट चालत नाही.
चुका दिसल्या की मला सांगा, म्हणालेत.

शिट्टी येतेय का काका? मी विचारलं.
नाही, ते म्हणाले.
मला येत होती,
बारीक, एकसारखी.
मी यंत्र काढलं, पुसलं,
पुन्हा त्यांच्या कानात बसवलं.