एक वीत

आमच्या लीगमध्ये सहा गावं आहेत.
सातवं बोरगाव,
चेंडू हरवल्यापासून येत नाही.

खेळाचं नाव लॅक्रॉस, पण तसं कुणी म्हणत नाही,
जाळीकाठी म्हणतात.
काठ्या बुरडाच्या हिरामणनं तासल्या,
जाळ्या धरणावरच्या भोयांनी विणल्या,
मासोळी अडकेल, चेंडू सुटेल, अशा बेतानं.
एका संघात बारा जणी हव्यात. आम्ही आठ केल्या,
काठ्या सोळाच आहेत.

मी शाखा डाकपाल.
चेंडू टपालाच्या काट्यावर तोलते.
एकशे पंचेचाळीस ग्रॅम भरला तर खेळात,
नाहीतर हिरामणच्या कुत्र्याला.

वय चौदाच्या आत. दाखले मागवले तर
अर्ध्याहून जास्त पोरी एक जूनला जन्मलेल्या,
गुरुजींच्या पेनातून.
मग आयांनाच विचारलं.
'पऱ्हाटी बोंडावर होती,' एक म्हणाली.
'नाल्याचा पूल वाहून गेला, थ्या साली,' दुसरी.
मी रजिस्टरला तेच चढवलं.

नियम पहिला : शिट्टी वाजली की जागच्या जागी.
उचललेला पाय तिथंच टेकवायचा.
दुसरा : प्रत्येक पोर अर्धा वेळ तरी मैदानात,
सरपंचाची असो नाहीतर पाणी भरणाऱ्या शांतीची.
बापांनी दोरीबाहेर बसावं. (हा नंतर घातला.)
चौथ्याला रात्र गेली.
डोक्याभोवतीची एक वीत जागा त्या पोरीची.
तिथं कुणाची काठी जायची नाही.
लागली नाही तरी चूक.
गेली, हीच चूक.

'मोजाची कशी, बाई?' अल्फियानं विचारलं.
अंगठा कानाला लाव, म्हटलं,
करंगळी ताण.
तिथपर्यंत तू.

वेचणीचे दिवस. सामना सकाळी सातला,
नऊला पोरी वावरात पाहिजेत.
जिनिंगच्या आवारात चुना मारला,
सरकीच्या ढिगामागे एक गोल,
दुसरा वजनकाट्याच्या तोंडाशी.
आचल कुमरे जाळी हलवत निघाली,
चेंडू झोपलेल्या पोरासारखा आत,
आणि आडवी आलेली काठी तिच्या कानाजवळून गेली.
गुंजननं शिट्टी मारली.
सतरा वर्षांची पंच, खेळायचं वय गेल्या साली संपलं तिचं.

सोळा पोरी जागच्या जागी.
हलत होता तो फक्त कापूस,
पत्र्याखालून उडणारा.

'लागलं तर नाही ना वं तिले!' दोरीबाहेरून कुणाचा तरी बाप,
'मंग कायची चूक?'
गुंजन काही बोलली नाही.
अंगठा कानाला लावला, करंगळी ताणली
आणि तशीच उभी राहिली
तो खाली बसेपर्यंत.

सोमवारी आचलची आई पोस्टात आली.
पासबुक हातात, भरायचं नाही, काढायचं नाही.
दोन मनिऑर्डरी होईपर्यंत भिंतीशी थांबली.
मग म्हणाली,
'थो वीतवाला नियम लिहून द्या बाई मले.
शिक्का मारून.'
कोणासाठी, मी विचारलं नाही.
तिचा पदर डाव्या गालावरून घट्ट होता.

पोस्टकार्ड घेतलं. चौथा तेवढा लिहिला.
'पोरीची' खोडून 'बाईची' केलं.
टपालाचा शिक्का नियमाला चालतो का,
खात्याला विचारलेलं नाही.
तारीख मात्र स्वच्छ उठली.

पन्नास पैसे, म्हटलं, कार्डाचे.
तिनं पदराची गाठ सोडून नाणं दिलं,
बाजारात आता कुणी घेत नाही ते.
मी घेतलं.

रविवारी बोरगाव आलं.
चेंडू सापडला होता नालीत.
तोलला. तीन ग्रॅम जास्त.
माती होती.
धुऊन घेतला.