मागच्या बाजूने

खोक्यावर तो हिरवा आहे.
शेवाळी, चकचकीत, डोळे पिवळेजर्द,
उजव्या गालावर डोळ्यापासून हनुवटीपर्यंत
जखमेची जाड शिवण.
आत चौकटींना लटकलेले त्रेचाळीस तुकडे
ओल्या बोंबलाच्या रंगाचे,
आणि सूचनांचा कागद, सगळा जपानीत.
भाच्याने आणला. म्हणाला, मामा,
असल्या कामात तुमचा हात बसलाय.

बसलाय खरा.
कोपरीत, तळमजल्यावर, एकतीस वर्षं
मी लोकांच्या कवळ्या करतो.
म्हणून सवयीने आधी तोंडच पाहिलं.
हे असले सुळे घेऊन जबडा मिटणार कसा?
झोपेत स्वतःचीच जीभ चावेल बिचारा.
दोन्ही सुळे कानशीने उतरवले,
हिरड्यांना आमचा नेहमीचा गुलाबी दिला,
आणि गालाशी येऊन थांबलो.

जखम डावीकडे होती.
मी पाहिलीय.

चेंदणीच्या बंदरावर, होळीआधीच्या शनिवारी
दोन वाशांना शीड ताणलं होतं,
हरेश्वरच्या बापाच्या होडीचं.
पुढे चटया, माणसं, शेंगांच्या पुड्या.
आम्ही उशिरा पोचलो,
म्हणून खाडीच्या बाजूला, शिडाच्या मागे,
घोट्यापर्यंत चिखलात.
नावं उलटी आली. वाचायची होती कुणाला?
दलदल फाडून तो उठला तो आमच्याच अंगावर.
पुढे तो, मागे भरतीचं पाणी,
पळणार कुठे?
आणि खाडीवरून वारा सुटला की
शीड फुगायचं
आणि तो श्वास घ्यायचा.
पुढच्या लोकांना हे दिसलं का, ठाऊक नाही.
त्यांनी शेवटी टाळ्या वाजवल्या.

तर मी उजवा गाल पुट्टीने बुजवला,
घासला, पुन्हा बुजवला,
मेण कोरायच्या सुरीने डाव्यावर जखम काढली.
छातीवर दोन मिलिमीटर भर चढवली,
अर्ध्या श्वासापुरती.
हिरव्याची बाटली उघडलीच नाही.
तीन रात्री नुसता करडा कालवत बसलो,
काळ्यात पांढरा, पांढऱ्यात थेंबभर काळा,
नखावर लावून दिव्याखाली धरायचा,
पुसायचा.
मंदाकिनी चहा ठेवायला आली, म्हणाली,
अजून अस्तरच चाललंय होय?

काल हरेश्वर आला,
खालची कवळी टोचते म्हणून.
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसरा बाकी.
काढलेला डोळा त्याने टेबलाशी नेला.
बराच वेळ बोलला नाही.
मला वाटलं, विसरला असेल.
पंचावन्न वर्षं झाली,
ती होडी विकली, बंदरावर गाळ चढला,
त्याचा नातू ऐरोलीला कसल्याशा कंपनीत
रात्रभर हेडफोन लावून बसतो.

मग बोळक्या तोंडाने म्हणाला,
"याचं ठिगल कुठंय?"

कसलं ठिगळ?

"खांद्याव. शीड फाटलेला तिथं.
आयेनी लावलेलं ठिगल.
निल्या दोऱ्यानी."

मी डोळे मिटले.
शीड पुन्हा फुगलं, आणि होतं खरंच,
त्याच्या खांद्यावर हातभर चौकोन,
तो कुठेही गेला की खांद्यावरून निसटणारा,
पडदा स्थिर राही, भूत हले,
कधी त्याच्या कपाळावर, कधी नायिकेच्या गळ्यात,
एकदा तर नुसत्या आभाळात.
प्रोजेक्टरच्या उजेडात
त्या अख्ख्या रात्रीतला एकच रंग.

तीन केसांचा ब्रश घेतला.
आभाळ काही मला करता येणार नव्हतं,
म्हणून खांद्यावरच चौकोन आखला
आणि टाके घालत गेलो, निळे, मुंगीएवढे.
एक तिरका पडला.
पुसायला गेलो तर हरेश्वरने मनगट धरलं.
"ऱ्हाऊदे. तिचाबी एक तिरकाच व्हता."

तो गेल्यावर पाहिलं,
रंग वाळतोय
आणि शेजारी, पाण्याच्या वाटीत,
हरेश्वरची कवळी राहिलीय.