आला

गाडी चालवताना दिगंबर एकच शब्द बोलतो,
"आला."
म्हणजे स्पीडब्रेकर, किंवा खड्डा, किंवा
परवाच बुजवलेल्या केबलच्या चरीचा उंचवटा.
मागे मी. दोन्ही तळवे सीटवर दाबते,
स्वतःला बोटभर उचलते
आणि पुणे माझ्याखालून निघून जातं.

नऊ वर्षांत शहर मला पाठ झालंय,
म्हणजे पाठीला झालंय.
नळस्टॉपच्या अलीकडे पाच बारीक पट्ट्या, दात विचकणाऱ्या.
दांडेकर पुलापाशी कुणी रात्रीतून घातलेला एक,
रंग नाही, पाटी नाही, लाज नाही.
म्हात्रे पुलावर काहीच घातलेलं नाही,
तिथे पुलाचेच सांधे लागतात. टक्. टक्.

कर्वे रोडवर एका तळघरात फोटो काढला.
डॉक्टरांनी काळी फिल्म उजेडाला धरली.
"ही चार आणि पाचच्या मधली गादी. बसलीय.
खालचीही त्याच वाटेवर आहे. झीज म्हणायची, काकू."

पर्वतीच्या पायथ्याच्या वर्कशॉपात सव्वीस वर्षं
मी मोटारींच्या कॉइल गुंडाळल्या, लोखंडी स्टुलावर.
गादी मागितली होती. दोनदा, लेखी.
शेवटी आतली वापरली.

झीज म्हटलं की लोक चंदनाकडे जातात.
माझ्या नणंदेनंही नेलं.
चंदनाला निदान वास चंदनाचा येतो.
मला बामचा येतो,
आणि आठवड्यातून दोनदा लसणीच्या तेलाचा,
कारण सासवडचे कुणी वैद्य आहेत.
(डिंक झाला, मेथी झाली, हाडजोडी झाली.
ज्यांनी ज्यांनी सांगितलं ते सगळे ताठ बसून सांगत होते.)

सकाळी उठणं हे एक वाक्य होतं.
आता त्याचे तुकडे आहेत.
कुशीवर वळ. गुडघे पोटाशी. कोपर टेक. पाय सोड.
थांब.
कुकर शेजारच्यांचा वाजला. आपला अजून नाही.
ऊठ.

जमीन परगावी राहायला गेलीय.
ओट्याखाली एक वाटाणा, एक रबरबँड,
मंगळवारपासून एक पाच रुपयांचं नाणं.
मी त्यांच्याकडे बघते, ती माझ्याकडे.
लग्नाच्या पंगतीत माझ्यासाठी खुर्ची येते, निळी, प्लास्टिकची,
आणि ती आली की सगळ्यांना एकदम माझी तब्येत आठवते.
उंची पाऊण इंच कमी भरली.
हिंगाची डबी होती तिथेच आहे.

दिगंबर महापालिकेच्या पथ विभागात होता.
(हो. शिव्या त्यालाच घालायच्या. घातल्यात.)
तो सांगतो, पुलात फट मुद्दाम ठेवतात.
एप्रिलात काँक्रीट फुगतं, त्याला सरकायला जागा लागते.
फट बुजली तर पूल स्वतःलाच रेटतो, आणि तडकतो.
हे त्यानं गादीबद्दल सांगितलं नव्हतं,
असंच, चहा पिताना सांगितलं होतं.
मी मात्र तेव्हापासून पुलावरून जाताना
खाली नदीकडे बघत नाही, कठड्याशी त्या फटीकडे बघते,
काळ्या रबराच्या ओठांकडे,
आणि मला हेवा वाटतो.

मग गेल्या दिवाळीनंतर त्याचा उजवा गुडघा गेला.
सिग्नलला गाडी तोलताना पाय लटपटला,
आम्ही दोघं हळूच, अगदी सभ्यपणे, आडवे झालो.
पोरांनी उचललं. एकानं स्कूटर, दोघांनी आम्हाला.
धायरीच्या एका मुलानं ती नेली.
जाताना मागची सीट थोपटून म्हणाला, मस्त आहे, अजिबात दबली नाही.

आता रिक्षा.
रिक्षात तो डावीकडे, पाय लांब करून, मी उजवीकडे.
रिक्षावाला तरुण, कानात गाणी,
काहीही न सांगता सगळ्यावरून जाणारा.
आणि दिगंबर, रस्ता नीट दिसतही नाही तिथून,
पडद्याच्या फटीतून वाकून बघतो, पुटपुटतो,
"आला."

"कोण आला, काका?" पोरानं आरशात बघून विचारलं.
"काही नाही. चालव."

म्हात्रे पूल सुरू होत होता.
मी दोन्ही तळव्यांवर,
बोटभर,
आधीच उचललेली होते.